एकाला एकच बाप

चहा यायच्या वेळेला पडद्यावर लाल ओळ उमटली आणि धीरज टाइप करता करता थांबला. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. डेटाबेस दिवसातून दहा वेळा नकार देतो आणि धीरज दहाही वेळा मुकाट्याने कारण शोधतो; त्यासाठीच तर विपुलसर त्याला पगार देतो. पण आज त्या ओळीत म्हटलं होतं, की ही पायरी काढता येत नाही, तिच्यावर एक उतरंड उभी आहे. म्हटलं होतं इंग्रजीतच, पण धीरजच्या डोक्यात ते मराठीत उतरलं, आणि तेही मंगळीकाकीच्या घोगऱ्या आवाजात. त्याने वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. बाप जाऊन नववा दिवस, घरात सुतक, उद्या दहावा, आणि हा शहाणा बोईसरच्या ऑफिसात एसीखाली बसून पायऱ्या काढतोय. विपुलसर तसा वाईट माणूस नाही. काल फोनवर त्याने आधी दोन मिनिटं हळहळ केली, मग म्हणाला, "धीरजभाई, एवढं एक करून जा ना, तुझ्याशिवाय कोणाला त्यात हात घालता येत नाही." आणि धीरजला खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं. घरात बसवत नव्हतं. घरात दोन बायका होत्या आणि दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

काम कागदावर सोपं होतं. तारापूरच्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारांची हजेरी धीरजच्या डेटाबेसात साठते. कामगार टोळीत, टोळी ठेकेदाराखाली, ठेकेदार कारखान्याखाली, अशी कोण कोणाच्या पोटात याची एक व्याख्या त्याने स्वतःच कधीकाळी लिहून ठेवली होती. तिला डायमेन्शन म्हणतात. ती एकदा लिहिली की मोठ्या साहेबांना वरून खाली कुठेही बोट ठेवून बेरीज बघता येते. आता टोळ्या बंद करायच्या होत्या, म्हणून मधली टोळीची पायरी काढून टाकायची. नवीन आलेल्या पोरांना धीरज एकच नियम घोकून घोकून शिकवायचा: एकाला एकच बाप. एक कामगार दोन टोळ्यांत असता कामा नये, एक टोळी दोन ठेकेदारांकडे असता कामा नये. पोरं हसायची. मग कोणीतरी विचारायचंच, की सर, असला तर? डेटाबेस पकडतो का? आणि धीरजला सांगावं लागायचं, की नाही पकडत. तुम्ही म्हणाल तो बाप, असं तो धरून चालतो. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि बेरजा करत सुटतो. तपासायची सोय आहे, पण मुद्दाम सांगितलं तरच तो तपासतो. हे सांगताना आपला आवाज का बसतो हे धीरजला ठाऊक होतं. पोरांना वाटायचं, सरांना एसी बाधतो.

सकाळी निघताना मंगळीकाकीने त्याला मोरीपाशी गाठलं होतं. हातात चहाची गाळणी, पदर कमरेला, कपाळ नेहमीसारखं मोकळं. "धीरज," ती म्हणाली, "उद्या भटजी नाव इचारतील." तो चपलेत पाय घालत होता. तो म्हणाला, हो. "त्याचंच नाव सांग रे. एक डाव. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावानं वागला. आता तरी तो हाय तो म्हणून जाऊ दे." धीरजने मान वर केली नाही. "काकी, लोकं असणार तिथं. चाळीतली, दिशाच्या सासरची. आणि तुझी पेन्शन?" "जाऊ दे पेन्शन." "आणि दिशा?" धाकट्या बहिणीचं नाव त्याने मुद्दाम घेतलं. गाळणीतला चोथा काकीने मोरीत आपटला, परत आपटला, चोथा पडून गेला तरी आपटत राहिली. मागे स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलेलं त्याने ऐकलं. तो रस्त्यावर येईपर्यंत ते सुरू झालं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, यात एवढं काय, मयताचं नाव ते मयताचं नाव. पण या घरात तेवढंच तर सरळ नव्हतं. धीरजचा बाप पंढरी. तो खाडीकाठच्या गावात वाडी करायचा, वांगी, मिरची, थोडा मोगरा. त्याचा धाकटा भाऊ देवू तारापूरला एका रंगाच्या कारखान्यात होता. देवूचं नवं लग्न. बायको, म्हणजे मंगळी, माहेरी मनोरकडे गेलेली, तिला आणायचं होतं आणि कारखान्यात रजा मिळेना. तेव्हा बदलीवर जायची पद्धतच होती. भावाच्या पासवर भाऊ, मेव्हण्याच्या पासवर मेव्हणा. गेटवरचा माणूस बिल्ला बघायचा, तोंड कोण बघतो. माणसं मोजून भरली म्हणजे झालं. पंढरी म्हणाला, "जा तू, आण तिला, मी जातो तुझ्या बदली." गंमत म्हणून गेला म्हणा ना. धीरज तेव्हा पहिलीत. बापाने जाताना देवूकाकाचा खाकी शर्ट घातला होता, तो त्याला खांद्यात आवळत होता आणि आई हसत होती, एवढं त्याला लख्ख आठवतं. दुपारी कसलातरी दणका झाला. गावात मडक्यांवरच्या झाकण्या वाजल्या. लोक बाहेर येऊन आभाळात धूर कुठल्या दिशेला दिसतो ते बघत राहिले, या पट्ट्यात अजूनही दणका झाला की तसेच बघतात. मनोरहून नवरा-बायको एसटीने उतरली, तेव्हा स्टँडवर कोणीतरी देवूला बघून किंचाळलं. कारण तोवर गावात बातमी आली होती, की देवू गेला. अंगावरून ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बिल्ला तेवढा ओळखू आला.

आजोबांनी, दादूंनी, ठरवलं. दुष्ट नव्हता म्हातारा. एक पोरगा जळून गेलेला, दुसरा समोर बसलेला, आणि पुढ्यात दोन सुना. खरं सांगावं तर कारखानेवाले म्हणणार, हा पंढरी कोण? आमच्याकडे असा माणूसच नाही. चोरून आत शिरला, आम्ही काय करणार? म्हणजे पंढरीच्या बायकोपोरालाही काही नाही, वर देवूची नोकरी जाणार, केस होणार ती वेगळीच. आणि बिल्ल्यावरचं नाव खरं धरलं, तर देवूच्या बायकोला मालक लगेच नोकरी द्यायला तयार होता. पॅकिंगमध्ये, बसून काम, वर विधवेची पेन्शन. दादू म्हणाले, "एक गेलाच हाय. जो हाय त्याला गेल्याचं नाव द्या." एवढंच. तेवढ्या वाक्याने सगळी उतरंड इकडची तिकडे झाली. स्मशानात कारखान्याची माणसं आली होती, म्हणून सगळं रीतसर. गेलेल्या देवूला त्याच्या भावाने, पंढरीने, अग्नी दिला. म्हणजे देवूने स्वतःच्या नावाला अग्नी दिला. घरी येऊन तो वाडीत जाऊन बसला, आणि मिरचीच्या सरीत ओकत राहिला. भावकीला सगळं ठाऊक होतं, भावकी गप्प बसली. पण गाव म्हटलं की कोणाच्या तरी तोंडून निसटणारच, म्हणून वर्षाच्या आत चंबूगबाळं आवरून सगळे पालघरला चाळीत आले. तिथे कोण कोणाला विचारतो?

"आजपासून काकाला बाबा म्हणायचं." हे आईने सांगितलं की दादूंनी, ते धीरजला आठवत नाही. सांगताना त्याच्या हातात गुळाचा खडा दिला होता, ते आठवतं. गूळ हातात वितळून चिकट झाला, खाल्ला नाही. नव्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, "हे कोण?" आणि धीरज म्हणाला, "काका." खांद्यावरचा हात असा आवळला गेला, की अजूनही दाढी करताना मान वळवली की त्याला ती जागा कळते. "मस्करी करतो," देवू म्हणाला आणि हसला. शाळेच्या फाटकाबाहेर येऊन मात्र तो खाली बसला, धीरजच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. "मला पन नाय जमत रे," तो म्हणाला. मग हळूहळू जमलं. जमतं माणसाला, मेलं काहीही जमतं. देवूने दाढी वाढवली, बाजारात भाजी घेऊन बसायला लागला आणि जन्मात परत बोईसर-तारापूरची पायरी चढला नाही. धीरजला इथे नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले, पण ऑफिस बघायला ये म्हटलं तर म्हणाला, "मी काय करू तिथं? मला तिथं वारून किती वर्सं झाली." आणि स्वतःच दचकून दाराकडे बघितलं.

पण खरी शिक्षा झाली ती बायकांना. धीरजला पुष्कळ उशिरा कळलं ते, आणि कळलं तेव्हा त्याला स्वतःचा राग आला, की डोळ्यांसमोर असून आपण आंधळे कसे राहिलो. त्याची आई, रखमा, खरी विधवा. तिने रोज सकाळी कुंकू लावायचं, कारण तिचा पंढरी जिवंत होता ना, भाजी विकत होता ना! ती कधी आरशासमोर लावायची नाही. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, बोटाने अंदाजाने टेकवायची. कधी डावीकडे सरकलेलं असायचं. आणि मंगळीकाकी, जिचा नवरा त्याच खोलीत बसून चहाला फुंकर घालतोय, तिचं कपाळ भुंडं, हात मोकळे, कोणाच्या हळदीकुंकवाला बोलावणं नाही. कारखान्याच्या बसमधून पांढरा डबा घेऊन उतरायची. लोक म्हणायचे, बिचारी, दीर-जावेने चांगलं सांभाळलंय हो. वटपौर्णिमेला चाळीतल्या बायका आईला ओढून न्यायच्या. आई वडाला दोरा गुंडाळायची, ओठ घट्ट मिटून, एक अक्षर पुटपुटायची नाही. घरी आली की उरलेला दोरा ती काही न बोलता ओट्यावर ठेवायची. एकदा काकी आंघोळीला बसलेली असताना तिच्या मनगटाला तो दोरा धीरजने पाहिला. दुसऱ्या दिवशी ती रबरी हातमोजा घालून त्यावरून बाही ओढून कामाला गेली. दोन जावांमध्ये याबद्दल कधी एक शब्द झाला असेल असं त्याला वाटत नाही.

आणि मग दिशा. विधवेला मूल कसं होणार? मंगळीला कावीळ झाली म्हणून रजा टाकली, माहेरी ठेवली. सोबतीला म्हणून आई गेली. परत आली तेव्हा मूल आईच्या मांडीवर होतं. चाळीत बारसं झालं, पंढरी-रखमाची मुलगी. दूध मात्र काकी पाजायची, दार लावून. "आयला दूध नाय आलं, म्हनून डब्याचं पाजतो," असं शेजारी सांगायचं. दिशा मोठी झाली, आईला आई म्हणाली, काकीला काकी. काकीवर तिचा जरा जास्तच जीव, पण त्यात कोणाला काय खटकणार? लग्नात कन्यादानाला आई आणि देवू बसले, पाटावर शेजारी शेजारी, उपरण्याची गाठ मारून. काकी मागे खांबाला टेकून उभी होती, विधवा म्हणून जरा लांब. धीरजने तिला खुर्ची आणून दिली. ती म्हणाली, "नको रे, उबं राहिलं की नीट दिसतं."

"चहा थंड झाला, सर." कोणीतरी कप उचलून नेला. धीरजने पडद्यावरच्या लाल ओळीकडे पुन्हा पाहिलं. एक साधा उपाय होता, पोरंसुद्धा सांगतील. त्याच आज्ञेच्या शेवटी एक शब्द जोडायचा, कॅस्केड. म्हणजे ही पायरी काढ आणि तिच्यावर जे जे उभं आहे तेही खाली येऊ दे. एका झटक्यात. पेन्शन, दिशाचा जन्मदाखला, आईचं कुंकू, दिशाचं लग्न, दिशाची आई. त्याने तो शब्द टाइप केला. बोट वर धरून बसला. मग एक एक अक्षर मागे घेऊन पुसलं. देवूला दवाखान्यात दाखल करताना आधारकार्ड पुढे केलं होतं ते त्यानेच. नाव, पंढरी. आत एकच माणूस सोडत होते. "पेशंटची बायको कोण?" सिस्टरने विचारलं आणि आई उठली. उठायलाच हवं होतं. काकी बाहेर बाकावर, पिशवीत मोसंब्या घेऊन. देवू शेवटीशेवटी हाकेला ओ देईना. सिस्टर मोठ्याने ओरडायची, "पंढरीबाबा! ओ पंढरीबाबा!" तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघायचा, जसं काही शेजारच्या पलंगावरच्याला हाक मारताहेत. आई बाहेर आली आणि जावेला म्हणाली, "मी नाय बोलवू शकले गं त्याच्या नावानं. तोंडातून निघंना." काकी म्हणाली, "तू कशी बोलवशील, बाय." तो तसाच गेला, आपलं नाव न ऐकता. मोसंब्या घरी आल्या आणि कोणी खाल्ल्या नाहीत.

काहीतरी करायला हवं म्हणून धीरजने तपासणी लावली. एकाला एकच बाप आहे का, हे डेटाबेसाला खरोखर बघायला सांगितलं. वर्षानुवर्षं त्याने ती लावली नव्हती. वेळ जातो, हे एक कारण झालं. आलेल्या चुकांत बऱ्याच जुन्या, निरुपद्रवी होत्या. एक आजची होती. एक हेल्पर, आजच्याच पाळीत, दोन टोळ्यांत. एका कारखान्यात आत आणि दुसऱ्याही कारखान्यात आत. धीरज त्या ओळीकडे बघत राहिला. हे काय आहे हे त्याला सांगायला कोणी नको होतं. अंगठ्याची मशीनं बसवून झाली, पण केमिकलमध्ये काम करणाऱ्यांचे अंगठे झिजलेले, उमटत नाहीत. मग सुपरवायझर नंबर मारून माणूस आत घेतो. नंबर एकाचा, माणूस दुसरा. त्याने टोळीच्या मुकादमाला, मिथुनला, फोन लावला. "मिथुन, ये दो जगह एक आदमी कैसे है? अंदर कौन है?" "अरे सर, उसका साला है। एक दिन की बात है, इसकी डबल हाज़िरी हो जाएगी।" मिथुन हसत होता. पाठीमागे कसलंतरी यंत्र घरघरत होतं. "उसका नाम क्या है?" "किसका?" "जो अंदर है, उसका!" धीरज एवढ्या जोरात ओरडला, की ऑफिसातल्या सगळ्या माना वळल्या. तिकडे मिथुनचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "नाम तो पूछना पड़ेगा, सर।" "पूछो. अभी पूछो. नाम लिखवाओ, नहीं तो बाहर निकालो उसको." त्याने फोन ठेवला. विपुलसर केबिनच्या दारात येऊन उभा होता. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

मग धीरजने ते काम हातानेच केलं, लांबच्या रस्त्याने. उतरंड मोडली नाही, उतरवली. वरचं नातं सोडवलं, ते बाजूला ठेवलं, त्याखालचं सोडवलं. शेवटी टोळीची पायरी नुसतीच, कोणाचा भार नसलेली, उरली तेव्हा ती काढली. मग राहिलेल्या पायऱ्या परत एकमेकींवर चढवल्या. बेरजा तपासल्या. वरची बेरीज आधी होती तेवढीच होती. वरची बेरीज नेहमीच तेवढीच असते, माणूस इकडचा तिकडे गेला तरी तिला फरक पडत नाही. मिथुनचा निरोप आला होता, त्या मेव्हण्याचं नाव आणि तो बाहेर आला असं. खरं की खोटं कोण जाणे. धीरज पालघरच्या एसटीत खिडकीशी बसला, तेव्हा त्याच्या मनात आलं, की दहावं म्हणून जे काही होतं, ते आपल्या खऱ्या बापाचंही कधी झालं नाही. त्या वेळी पिंड दिला तो देवूच्या नावाने. उद्या पंढरीच्या नावाने देणार, तो देवूसाठी. दोघांना एकेक मिळणार, बेरीज बरोबर, आणि ज्याचं त्याला मात्र नाही. त्याला रडू आलं. शेजारच्या माणसाने त्याची दाढी बघितली आणि जरा सरकून जागा दिली.

दहाव्याला किनाऱ्यावर सुरूच्या बनात वाळू ओली होती आणि ओहोटी लांब गेलेली. गावाहून भावकी आली होती, खाली बघत उभी. चाळीतले होते. सासरहून दिशा आणि तिचा नवरा, सासरे. भटजी घाईत. त्यांनी दर्भाची अंगठी धीरजच्या बोटात सारली आणि विचारलं, "गोत्र सांगा. मयताचं नाव?" धीरजने मागे बघितलं नाही. काकी कुठे उभी आहे ते त्याला पाठीला कळत होतं, जरा लांब, विधवा म्हणून. दिशा आईचा दंड धरून उभी होती. तिचे डोळे सुजले होते, तिचा बाप गेला होता. देवूचं नाव जिभेवर आलं, दोन अक्षरं फक्त. "पंढरी," तो म्हणाला. भटजी म्हणाले, मोठ्याने म्हणा. तो मोठ्याने म्हणाला. मागे कोणी हललं नाही, वाळूसुद्धा वाजली नाही. उरलेला सगळा वेळ त्याने सांगतील तसं केलं आणि आपल्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटत राहिलं.

घरी आल्यावर चाळीतल्या बायका आईभोवती जमल्या. एक जण म्हणाली, "रखमाबाय, आता ते कुंकू पुसनं-बिसनं कोनी करत नाय. तुमी लावा, कोन काय बोलत नाय." चांगल्या मनाने म्हणाली ती. आईने तिच्याकडे बघितलं, जसं काही ती परकी भाषा बोलतेय. "मला पुसायचंय," ती म्हणाली, "लई दिवस झाले." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. जाताना तिने मंगळीचा हात धरला आणि तिला ओढत नेलं. बायका पाठोपाठ उठायला लागल्या तसा धीरज पुढे झाला आणि दारात हात आडवा लावून उभा राहिला. "जरा राहू दे दोघींना," तो म्हणाला. मग मान वळवून त्याने आत बघितलं.

आईने आपलं कुंकू ओल्या पदराने आधीच पुसून टाकलं होतं. तिचा चेहरा मोकळा झाला होता, लहान दिसत होती. फळीवरून तिने डबी काढली, आरसा काढला. तोच, ज्यात तिने कधी बघितलं नव्हतं. मंगळीकाकी ओट्याला टेकून उभी होती. "पुसायचं म्हटलं तर आधी असाया पायजे ना," आई म्हणाली, आणि बोट भरून कुंकू घेऊन तिने जावेच्या कपाळावर लावलं. मोठं, रुपयाएवढं. मग तिने आरसा काकीच्या तोंडासमोर धरला. काकी बघत राहिली. आई आरसा धरून उभी राहिली, हात अवघडला तसा दुसऱ्या हातात घेतला, घाई केली नाही. कितीतरी वेळाने ती अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली, "देवू गेला गं मंगळी. तुजा देवू गेला."

तेव्हा काकी रडली. नऊ दिवस ती पदर तोंडात कोंबून वावरत होती. दिरासाठी माणूस किती रडणार, त्याला काही मापं असतात. आता ती गळा काढून रडली. बाहेर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, भारीच जीव होता बाई भावजयीचा. आणि दिशा गर्दीतून वाट काढत दाराशी आली, धीरजच्या हाताखालून तिने आत वाकून बघितलं. "काय झालं काकीला?" मग तिचा आवाज बदलला. "दादा, काकीच्या कपाळाला कुंकू कसं?"

आत आईने त्याच्याकडे बघितलं. काकीनेही बघितलं. कपाळावरचं कुंकू घामाने, रडण्याने ओघळून नाकावर आलं होतं, आणि ते लपवायला तिने हात वर केला नव्हता. धीरजने बाहेर एक नजर टाकली. दिशाचे सासरे पाणी पीत होते, चाळीतले पानं मांडत होते. त्याने चौकटीवरचा हात काढला.

"आत ये," तो दिशाला म्हणाला, "आणि दार लावून घे."